थंड इंजिन

जुनी वस्तू विकण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेला असतो. लाकडी कपाट, शिवणयंत्र, दुभती म्हैस, नाही तर दाराशी उभी असलेली दुचाकी. घेणारा येतो, वस्तूभोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, ‘‘काही खोट नाही ना?’’ त्या क्षणी आपण जे उत्तर देतो, त्याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे. माझे ते उत्तर एकदा चुकले होते. ते किती चुकले होते, हे मात्र सतरा वर्षांनंतर, घरापासून फार दूर, दुसऱ्याच्या मोटारीच्या निमित्ताने मला समजले.

२००९ ते २०१६ या काळात मी टोकियोच्या पश्चिमेकडील ताचिकावा या शहरात राहत होतो. यंत्रसामग्रीच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणणे, हा माझा व्यवसाय होता. माझ्या शेजारी एक निवृत्त विज्ञानशिक्षक राहत. सगळी गल्ली त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे ‘गुरुजी’ म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि नेहमीप्रमाणे किंचित वाकून म्हणाले, ‘‘मला गाडी विकायची आहे. परदेशी व्यापारीही विचारणा करीत आहेत. तिचे वर्णन इंग्रजीत लिहून द्याल का?’’

ती गाडी मी दर रविवारी पाहत असे. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमधून ती सकाळी सात वाजता बाहेर येई आणि तासाभराने परत जाई. निस्सान स्कायलाइन जीटी-आर, १९९० सालची. बंदुकीच्या नळीसारखा करडा रंग. जपानी मोटारींच्या इतिहासात या गाडीला विशेष स्थान आहे. जीटी-आर हे नाव १९६९ मध्ये प्रथम आले, १९७३ मध्ये लुप्त झाले आणि तब्बल १६ वर्षांनी, ऑगस्ट १९८९ मध्ये, आर३२ या पिढीच्या रूपाने परतले. सहा सिलिंडरचे, २,५६८ घनसेंटिमीटरचे इंजिन, त्याला दोन टर्बोचार्जर आणि गरजेप्रमाणे पुढच्या चाकांनाही शक्ती पुरवणारी यंत्रणा, अशी तिची रचना होती. १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानच्या ‘ग्रुप ए’ शर्यतींतील सर्वच्या सर्व २९ शर्यती तिने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातील वाहनविषयक नियतकालिकाने तिला ‘गॉडझिला’ हे टोपणनाव दिले आणि तेच पुढे जगभर रूढ झाले.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हे सेन्सेईंनी मला वर्गात शिकवावे तसे समजावून दिले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. टर्बोमध्ये त्याच धुराने एक चक्र फिरवले जाते. त्या चक्राच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. अधिक हवा, अधिक इंधन, अधिक शक्ती. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून वेगाने धावून आलेले इंजिन तत्काळ बंद करू नये. तेलाचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र तशीच राहते आणि उरलेले तेल जळून त्याची काजळी धरते. ‘‘एकदोन मिनिटे तिला नुसते उभे राहू द्यायचे,’’ सेन्सेई म्हणाले. ‘‘धावून आलेल्या मुलाला आपण लगेच बाकावर बसवत नाही, तसेच.’’

ही गाडी त्यांनी १९९० च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी नवी घेतली. तेव्हा तिची किंमत ४४ लाख ५० हजार येन होती. शिक्षकाच्या पगाराला न झेपणारी. शिवाय ती जिथे तयार झाली, तो मुरायामा येथील कारखाना त्यांच्या घरापासून फार दूर नव्हता. तो पुढे २००१ मध्ये बंद पडला. कारखाना गेला, गाडी मात्र पंचवीस वर्षे त्याच शेडमध्ये राहिली.

‘उत्तम जपलेली’ हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो. सेन्सेईंची गाडी पाहण्यापूर्वी माझी अशी समजूत होती, की जपणे म्हणजे झाकून ठेवणे. त्यांनी ती समजूत दूर केली. न चालवलेली गाडी आतून खराब होते. रबरी वायसर वाळतात, टाकीतील पेट्रोल चिकट होते, एकाच जागी उभे राहून टायर चपटे पडतात. म्हणून दर रविवारी तासभर ती चालवायचीच, असा त्यांचा नियम होता. जपानमध्ये खासगी मोटारीला नवी असताना तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी करावी लागते. १९९३ पासूनच्या अकराही तपासण्यांचे कागद त्यांच्यापाशी क्रमाने लावलेले होते. त्यांच्यासोबत निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तेल केव्हा बदलले, कोणता आवाज केव्हा प्रथम ऐकू आला, तो कशाने थांबला, हे सर्व त्यांच्या बारीक, सरळ अक्षरांत तिच्यात नोंदलेले होते.

मग ते ती का विकत होते? वयोवृद्ध चालकांना वाहनपरवाना स्वेच्छेने परत करण्याची सोय जपानमध्ये १९९८ पासून आहे. एका संध्याकाळी चौकात सिग्नल बदललेला त्यांना उशिरा दिसला. कोणालाही इजा झाली नाही. पण त्यांनी त्याच आठवड्यात परवाना परत करण्याचे ठरवले. दुसरे कारण त्यांच्या पत्नीचे होते. अर्धांगवायूनंतर त्यांना घरातील पायऱ्या चढवत नसत. न्हाणीघर खालच्या मजल्यावर आणायचे, दारे रुंद करायची, तर पैसा हवा होता. योगायोगाने काळ अनुकूल होता. २५ वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी गाड्यांना अमेरिकेत तेथील सुरक्षा-नियमांतून सूट मिळते. पहिल्या आर३२ गाड्यांनी ही मर्यादा २०१४ मध्ये ओलांडली आणि त्यांना मागणी येऊ लागली.

मी त्याच रात्री वर्णन लिहून काढले. ‘अप्रतिम स्थिती’, ‘दुर्मीळ संधी’, ‘अस्सल रसिकासाठी’, असे शब्द त्यात होते. व्यवसायाच्या सवयीने ते मला सुचले होते. दुसऱ्या दिवशी सेन्सेईंनी तो कागद वाचला आणि लाल पेन काढले. त्यांना इंग्रजी बेताचेच येई, तरीही विशेषणे तेवढी त्यांनी अचूक ओळखली. एकेक विशेषण खोडून ते विचारत, ‘‘हे कशावरून?’’ ‘अप्रतिम’ कशावरून? मग त्या जागी लिहायचे: इंजिनाचे तेल दर ३,००० किलोमीटरला बदलले; टर्बो मूळचेच आहेत. ‘दमदार’ कशावरून? त्या जागी: कागदोपत्री २८० अश्वशक्ती. हा आकडा लिहिताना ते हसले. त्या काळी जपानी कारखानदारांनी आपसांत ठरवले होते, की २८० च्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही. ही प्रथा २००४ पर्यंत चालली. गाडीची खरी शक्ती त्याहून अधिक असल्याचे जाणकार मानत. ‘‘कमी सांगितले, तर कोणी तक्रार करीत नाही,’’ ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एका कोऱ्या कागदावर गाडीची वरून दिसणारी आकृती काढली. जपानमधील जुन्या गाड्यांच्या लिलावात असा कागद प्रत्येक गाडीबरोबर असतो. ओरखड्याला एक अक्षर, पोचा पडल्यास दुसरे, गंज असल्यास तिसरे. आणि पुढे लहानमोठेपणा दाखवणारा आकडा. सेन्सेईंनी भिंग घेऊन गाडीभोवती फिरत स्वतःच्याच गाडीचे असे परीक्षण केले. मागच्या चाकावरील कमानीच्या आतला गंज मला दिसतही नव्हता. तो त्यांनी नोंदवला. मूळच्या टर्बोंतील चक्रे सिरॅमिकची असतात. ती हलकी असल्याने लवकर वेग घेतात, पण हवेचा दाब वाढवला तर ती फुटू शकतात, हेही लिहायला लावले. शेवटी आकृतीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर त्यांनी पेन टेकवले आणि ते थांबले.

‘‘इथे ‘शूफुकुरेकी’ आहे,’’ ते म्हणाले.

हा शब्द मला कामामुळे ठाऊक होता. त्याचा अर्थ दुरुस्तीचा इतिहास. पण साधी दुरुस्ती नव्हे. दार किंवा बंपर बदलला, तर तो या शब्दात येत नाही. गाडीच्या सांगाड्याला मार बसून तो सरळ करावा लागला असेल, तरच तो येतो. आणि तो आला, की किंमत कोसळते. १९९७ च्या एका पावसाळी रात्री गाडी घसरून कठड्यावर आदळली होती. काम इतके सफाईदार झाले होते, की अठरा वर्षांत कोणाही तपासनिसाच्या ते लक्षात आले नव्हते.

मी म्हणालो, ‘‘सेन्सेई, आपण ‘पुढील बाजूस किरकोळ दुरुस्ती’ असे लिहू या. ते खोटेही होणार नाही.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, उत्तर अर्धवट दिलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे. ‘‘किरकोळ कोणासाठी?’’ त्यांनी विचारले.

ते वाक्य त्यांनी यादीत सर्वांत वर घालायला लावले. परदेशी व्यापाऱ्याने वर्णन वाचून आपली रक्कम जवळजवळ एक-तृतीयांशाने खाली आणली, आणि पुढे तोही मागे हटला. सेन्सेईंच्या पत्नी चाकांच्या खुर्चीत बसून हे सगळे ऐकत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. न्हाणीघराच्या कामाचा अंदाजपत्रकाचा कागद टेबलावरच होता. त्यांनी तो उचलून खणात ठेवला. ते दृश्य मला आजही अस्वस्थ करते. प्रामाणिकपणाची किंमत केवळ प्रामाणिक माणूसच मोजतो असे नाही, ती त्याच्या घरातील माणसांनाही मोजावी लागते.

नोव्हेंबरच्या मध्यावर गुन्मा प्रांतातून एका गृहस्थांचे पत्र आले. त्यांचा वेल्डिंगचा लहानसा व्यवसाय होता. रविवारी सकाळी गाडी पाहायला येतो, असे त्यांनी कळवले होते. शनिवारी रात्री कडाक्याची थंडी पडली. मी सेन्सेईंना सहज म्हणालो, ‘‘उद्या ते येण्यापूर्वी थोडा वेळ चालू करून ठेवू या का? इंजिन गरम असले, म्हणजे एका झटक्यात सुरू होईल.’’

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘इंजिन थंडच असले पाहिजे. इंजिनाचे खरे रूप थंड असतानाच कळते. निळा धूर येतो का, खडखड होते का, हे गरम इंजिन लपवून ठेवते. ते गृहस्थ जाणकार असतील, तर आधी बॉनेटला हात लावून पाहतील.’’

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण गरम इंजिन काय लपवते, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१९९७ मध्ये माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, गेले. मिरजेच्या घरी त्यांची स्कूटर उरली. पुण्यात जपानी भाषेच्या वर्गाला जायचे माझ्या मनात होते आणि शुल्कासाठी पैसे नव्हते. १९९८ च्या डिसेंबरात ती स्कूटर मी विकायला काढली. तिचे इंजिन बोअरला आले होते, हे मला ठाऊक होते. थंडीत ती सहजी सुरू होत नसे. आण्णांना तिची खोड माहीत होती. ते चोक ओढत, स्कूटर उजवीकडे बरीच कलती करत, क्षणभर तशीच धरून ठेवत, मग सरळ करून किक मारत. तेवढे केले, की ती दुसऱ्या किकला घेई.

तासगाव तालुक्यातील एका गावाहून एक तरुण ती पाहायला येणार होता. दूध संकलन केंद्रावर तो कामाला होता. पहाटे साडेचारला त्याला केंद्र उघडावे लागे. तो येण्यापूर्वी अर्धा तास मी स्कूटर चालू केली आणि गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. तो आला, त्याने किक मारली, ती पहिल्याच किकला सुरू झाली. ‘‘काही खोट नाही ना, दादा?’’ त्याने विचारले. ‘‘आण्णांनी फार जपली होती,’’ मी म्हणालो. हे वाक्य खरे होते. म्हणूनच ते मला इतके सोयीचे वाटले. त्याने सुतळीने बांधलेले ९,००० रुपये मोजून दिले.

तीन आठवड्यांनी तो परत आला. मी खिडकीतून त्याला पाहिले आणि आईला हातानेच खूण केली. तो दारातून म्हणाला, ‘‘काकी, दादा हायत का घरात?’’

‘‘नाही रे बाबा, पुण्याला गेलाय,’’ आई म्हणाली.

‘‘बरं. सकाळच्याला गाडी चालू हुईना, म्हणून आलतो. पैशाचं काय न्हाई. आण्णा कसं चालू करायचे, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.’’

आतल्या दाराआड उभा राहून मी ते ऐकले. तो गेल्यावर आई माझ्याशी दिवसभर बोलली नाही. जानेवारीत मी पुण्याला गेलो आणि जपानी भाषेचे पहिले धडे गिरवू लागलो. ज्या भाषेच्या आधारावर मी पुढे पोट भरले, तिचे शुल्क त्या ९,००० रुपयांतून गेले होते.

रविवारी सकाळी नऊ वाजता गुन्माचे गृहस्थ आले. नमस्कार झाल्यावर त्यांनी काहीही न विचारता हातमोजा काढला आणि बॉनेटवर तळहात ठेवला. ॲल्युमिनियमचा तो पत्रा रात्रभराच्या थंडीने गारठलेला होता. त्यांनी हात तसाच काही क्षण ठेवला, मग सेन्सेईंकडे वळून ते कमरेतून वाकले. सेन्सेईही वाकले. माझ्या मते व्यवहार तिथेच झाला. पुढचे सर्व सोपस्कार होते. किल्ली फिरवली. इंजिन क्षणभर घुटमळले आणि सुरू झाले. मागून पांढरी वाफ आली, निळा धूर नव्हता. ते गृहस्थ गाडीखाली आडवे झाले, डाव्या बाजूचा सांगाडा त्यांनी बोटांनी चाचपला आणि बाहेर येऊन ‘‘चांगले काम केले आहे,’’ एवढेच म्हणाले. मागितलेली किंमत त्यांनी दिली. ती बाजारभावापेक्षा कमीच होती. न्हाणीघर झाले, दारे मात्र त्या वर्षी रुंद झाली नाहीत.

गाडी नेण्यापूर्वी सेन्सेईंनी निळी वही त्यांच्या हाती दिली. शेवटच्या पानावर त्यांनी आदल्या रात्री काही लिहिले होते. मी ते वाचले. थंडीत सुरू करताना काय करावे, दुसरा गिअर गरम होईपर्यंत अंमळ जड का जातो, पावसात कोणत्या बाजूच्या काचेतून पाणी झिरपते, आणि घरी आल्यावर बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे तिला उभी राहू द्यावी. पंचवीस वर्षांत एका माणसाला एका यंत्राविषयी जे जे कळले होते, ते सर्व त्या पानावर होते. गाडीची किंमत घेतली होती. या पानाची वेगळी किंमत नव्हती. ते गाडीबरोबर देणे लागत होते, म्हणून दिले होते.

२०१६ मध्ये मी मिरजेला परतलो. आण्णांच्या कागदांत स्कूटरच्या हस्तांतराच्या अर्जाची प्रत सापडली. तिच्यावर नाव आणि गाव होते. मी तासगावकडे जाणारी एस. टी. पकडली. गावात पोचल्यावर शोधावे लागले नाही. तो तरुण आता पन्नाशीकडे झुकला होता; त्याचा स्वतःचा दुधाचा टेंपो होता. मी नाव सांगितले, तशी त्याने ओळख धरली. ‘‘आण्णांची स्कूटर,’’ तो म्हणाला.

बाजेवर बसून मी त्याला सगळे सांगितले. त्या दिवशी इंजिन मी मुद्दाम गरम करून ठेवले होते, हेही सांगितले.

‘‘त्ये माझ्या दुसऱ्याच दिशी ध्यानात आलं हुतं,’’ तो म्हणाला.

‘‘मग पुन्हा का आला नाहीत?’’

‘‘आलतो की. तुमच्या चपला हुत्या दारात.’’

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. पत्नीला त्याने चहा ठेवायला सांगितले. मग जणू एखादी जुनी गंमत सांगावी, तसा तो म्हणाला, ‘‘म्हैनाभर लई हाल झालं. अंधारात ढकलत नेयाचो चढापतूर. मग एकदा पडली आडवी, उचलली आन् किक मारली, तर घेतली. तवा कळलं, कलती करायची आसती. सात वर्सं वापरली पुढं.’’

मी मान खाली घालून बसलो होतो. त्याने विचारले, ‘‘तुम्हास्नी म्हाईत हुतं न्हवं, कलती करायचं?’’

‘‘हो.’’

‘‘मग सांगायचं की.’’

वाचकहो, आपल्यापैकी काही जण दिवसभराचे काम आटोपून ही पुस्तिका उघडत असतील. कदाचित शुल्काची जुळवाजुळव करूनच आपण या अभ्यासाला बसला असाल. भाषा शिकून माणसाला नेमके काय येते, असे मला कोणी विचारले, तर मी वर्णन लिहायला येते असे म्हणेन; आणि वर्णन कसे लिहावे असे विचारले, तर सेन्सेईंचे लाल पेन आणि तासगावच्या त्या गृहस्थांचे तीन शब्द मला आठवतात. आपल्यावर कधी एखादी वस्तू विकण्याची वेळ आली, तर तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते आधी एका कागदावर लिहून काढावे. खोट पहिल्या ओळीत आणि खोड शेवटच्या ओळीत. घेणाऱ्याने विचारण्याची वाट पाहू नये. इंजिन थंड असू द्यावे.